फिक्स घ्यावं की वापराल तसं

सोमवार, ३ तारीख
शुक्रवारच्या नोंदीत चूक आहे. ‘लोड बॅलन्सरचा निर्णय झाला’ असं लिहिलं, ते खरं नाही. निर्णय कसा घ्यायचा, एवढंच ठरलं. चौथीपर्यंत मी घरीच, आई-बाबांकडे शिकले. चुकलेलं खोडायचं नाही, खाली दुरुस्त करून लिहायचं, ही बाबांची शिस्त.

काम पुन्हा लिहून ठेवते. आमची कंपनी घड्याळ दुरुस्तीचं बुकिंग ऑनलाइन घेते. एकदम गर्दी झाली तर ती सर्व्हरांमध्ये वाटून द्यायला लोड बॅलन्सर हवा. फिक्स क्षमता घेतली तर स्वस्त, पण वर्षभर अडकलो. वापराल तसे पैसे दिले तर महाग, पण मोकळे. साहेब म्हणाले, शुक्रवारी पाचपर्यंत सांग, नीट जमलं तर नोकरी कायम. मी बुधवारीच सांगणार.

मंगळवार, ४
अंदाज करायचा नाही, मोजायचं, हे आईने शिकवलं. कालचे व्हिजिटर मोजले. एकतीस. मोजणी बरोबर चालते ना, हे बघायला घरच्या ग्रुपवर लिंक टाकली. एकदा उघडून बघा म्हटलं. एकदाच.

बुधवार, ५
व्हिजिटर चारशे बारा! लोकांची घड्याळं एवढी बिघडतात? आज सांगणार होते, पण आकडा वाढता असताना उत्तर देणं अप्रामाणिक वाटलं. उद्या नक्की.

गुरुवार, ६
एक हजार नव्वद. फिक्सच. तेही मोठं. ऑफिसातल्या सिस्टिमवाल्या दादांना जेवणाच्या सुट्टीत विचारायला गेले, तर म्हणाले, अगं, आधी डबा तरी उघड. त्यांना आकड्यांचं गांभीर्य नाही.

संध्याकाळी आत्याचा फोन. म्हणाली, साइट छान चाललीय हो तुझी, मी दर पाच मिनिटांनी बघते. काका ऑफिसातून बघतात. आईने सगळ्यांना बजावलंय म्हणे, पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे, कुणी ढिलाई करायची नाही. माझी माणसं सोन्यासारखी आहेत. आकड्यांशी याचा संबंध नसावा. असलाच तर किरकोळ.

शुक्रवार, ७, दुपारी ३
किरकोळ नव्हता. सकाळी ग्रुपवर लिहिलं, आता थांबा. सगळे थांबले. मग थांबल्यावर साइट नीट आहे ना, हे सगळ्यांनी उघडून बघितलं.

घरचे वगळून आजचे व्हिजिटर नऊ. त्यांत सहा वेळा साहेबच.

हरकत नाही. चूक वेळेत सापडली, हाच माझ्या पद्धतीचा विजय. उत्तर: वापराल तसं.

संध्याकाळी ५:३०
पाचला पाच मिनिटं असताना साहेबांना ठामपणे सांगितलं. ते खूश झाले. तेवढ्यात दादांनी दारातूनच विचारलं, आपले सर्व्हर किती? मी म्हटलं, एक. तेव्हा ते म्हणाले, मग हा बिचारा बॅलन्सर गर्दी वाटणार कुणाकुणात?

साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. ते बंद आहे. मग म्हणाले, आठवडाभर केलंस काय? मी खरं ते सांगितलं: मोजलं.

नोकरी कायम व्हायचं आठवडाभर पुढे गेलं. आता फक्त एवढंच सांगायचंय की दुसरा सर्व्हर घ्यायचा की नाही. हो किंवा नाही. मोजायचं काहीच नाही. घरी बोलणारही नाही.

फक्त बाबांना सांगितलं. त्यांनी ग्रुपवर टाकलं.

साहेबांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय. मला एवढी लागणार नाही. उत्तर देणार बुधवारी, १२ तारखेला, सकाळी ठीक दहा वाजता.