सरलाहून उंच निलगिरी

२ ऑक्टोबर २०२४
निलगिरी गुडघ्याच्या वर गेली. सरलाने स्वतः शेजारी उभं राहून खात्री केली. पोस्टातून निवृत्त होताच जंगल उभं करणारा ब्राह्मणपुरीत मी पहिलाच.
वावर सरलाचं, माझ्या सासऱ्यांनी तिला दिलेलं. दरवर्षी मिरची असायची. तिची अट: आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, झाडं तिच्या डोक्याच्या वर गेली पाहिजेत, नाहीतर पुन्हा मिरची. मी म्हणालो, आखाजीला याच झाडांना तुझा झोका बांधतो. हसली. कौतुकानेच.

२० ऑक्टोबर
नवापूरला स्टीफनकडे. पूर्वी माझ्या हाताखाली पोस्टमन होता. त्याची निलगिरीही आमच्यासारखी याच जुलैतली, पण त्याच्याहून उंच! (स्टीफन बुटका आहे.) उतारावरची तांबडी माती. म्हणाला, साहेब, फक्त शेणखत घालतो. काहीतरी लपवतोय. पिशवीभर माती मागून आणली. तपासून रिपोर्ट कळवतो म्हणालो.

२६ ऑक्टोबर
माती तपासायला दिली. रिपोर्ट सरला वाचणार, तो चांगलाच यायला हवा. म्हणून माझ्या नावावर स्टीफनची माती दिली. झाड तेच, मग मातीचं काय एवढं!

११ नोव्हेंबर
रिपोर्ट: माती आंबट, चुना घाला. खाली सही-शिक्का. छापील कागदाचा मान राखणं माझ्या रक्तात आहे. वावरभर चुना टाकला. सरला म्हणाली, "आपली माटीमा चुनखडी पहिलेच शे. आखो चुना कसाले?" रिपोर्ट दाखवला. शिक्का बघून आत निघून गेली. विज्ञान म्हणतात ते हेच.

१४ जानेवारी २०२५
शेंडे वाळताहेत, बाजूने झुपके फुटताहेत. उंची सोडून झाडांनी अंग धरलंय. थंडीत माझंही होतं.

२२ फेब्रुवारी
कृषी सहायक काजलताई आल्या. चुन्यामुळे मुळांना बोरॉन मिळेना, म्हणून शेंडे मरताहेत म्हणाल्या. बोरॉनचा संशय मला होताच. रिपोर्ट बघून विचारलं, ही माती नक्की इथलीच? मी चहा सांगितला.
उपाय: बोरॉनची फवारणी. पंपाला दोन चमचे, जास्त अजिबात नको.

२३ फेब्रुवारी, सायं. ६
चमच्याने जंगल होत नसतं. पंपाला वाटीभर.

४ मार्च
पानांच्या कडा करपल्या. यंदा ऊन लवकर आलं.

१६ एप्रिल
स्टीफन पाहुणा. ओट्यावर, सरलासमोर, पहिलाच प्रश्न: साहेब, माझ्या मातीचा रिपोर्ट आला का?
सरलाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "दुसरानं रक्त तपासं, नि गोळी आपण खादी!" दोघं डोळे पुसेपर्यंत हसले. पाहुण्याचा मान म्हणून मीही हसलो.

३० एप्रिल, आखाजी
झोका बांधावरच्या निंबाला बांधला. सरलाने झोक्यावरून उतरून एकेका झाडाशेजारी उभं राहून पाहिलं. सगळी तिच्या कमरेला. चपला घालून होती, हे नोंदवून ठेवतो.
निकाल: मिरची. आधी माती तपासायची. नमुना कोण घेणार, असं तिने विचारताच मी हात वर केला. सरलाने काजलताईंना फोन लावला.
त्या उद्या सकाळी सातला येणार. मी फक्त पिशवीचं तोंड उघडं धरायचं आहे.