कमळाबाईंच्या आईची ओवी

मुरबाड, मंगळवार संध्याकाळ

व्हायोलिन शिकवताना मी आधी गाऊन घेतो. गळ्यात बसलं की मगच हातात गज देतो. आज वैशाखरे गावच्या कमळाबाईंनी त्यांच्या आईची जात्यावरची ओवी गायली. वय साठ, भातशेतीत राबलेले हात. गज पुढे केला तर म्हणाल्या, "नको मास्तर. गाताना आय दिसते, वाजवताना नाय दिसत." मग त्या गात राहिल्या आणि मीच मागोमाग वाजवलं.

माझी आई कुठली ओवी गायची? एक ओळ आठवेना. कधी विचारलंच नाही का मी?

त्या गेल्यावर खर्डीला राहणाऱ्या ताईला फोन केला. आईची ओवी आठवते का, विचारलं. ती म्हणाली, "चाल आठवते रे, शब्द नाय."

म्हटलं, "चाल तर चाल. गुणगुण."