माझ्या जागी मीच

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (नवरी व्हायला निघालेल्या बहिणीला तीर्थरूप लिहितात की प्रिय, मला ठाऊक नाही, पत्रलेखनाच्या धड्यापर्यंत मी शाळेत टिकलोच नाही. मान तेवढा घे.) मी बरा आहे. पोटऱ्या दुखतात, पण त्या एका जागी बसवत नाही म्हणून फेऱ्या मारून. आईचा गुडघा काय म्हणतो? आणि तू वेळेवर जेवतेस ना?

लग्नाला नक्की कधी येतोस, असं तू विचारलंस. सांगतो, पण जरा लांबून यावं लागेल. आमच्या गोदामात नवा संगणकी कारभार आलाय. तो बसवायला आलेल्या चष्मेवाल्या साहेबांनी आम्हाला ओळीत उभं करून समजावलं, की आजपासून इथे जो तो म्हणजे एकेक सर्व्हिस. हिशेब ही सर्व्हिस, दारावरची नोंद ही सर्व्हिस, शीतखोलीत फोर्कलिफ्टने माल रचणं (म्हणजे मी) हीसुद्धा सर्व्हिसच. एकाने दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नाही; हवं ते ठरलेल्या नमुन्यात निरोप पाठवून मागायचं, म्हणजे उद्या कुठल्याही कंपनीचं यंत्र आलं तरी त्याला आपली बोली कळेल. आई शेजारीपाजारी सांगते ना, पोरगा सर्व्हिसला आहे म्हणून? आता पोरगाच सर्व्हिस झालाय म्हणावं. भिंतीवर नकाशा लावलाय, नुसते चौकोन आणि बाण, आणि मधे मधे पत्त्यांतल्या चौकटची खूण. तिथे होय की नाही विचारतात. नाही म्हटलं की बाण पुन्हा पहिल्या चौकोनात आणून आपटतो.

मी मोबाईलवरून रजा टाकली. परत आली. पुन्हा टाकली, पुन्हा परत. मुकादमांना विचारलं (माणूस भला, पण यंत्रापुढे बुजतो), तर म्हणाले, माझी ना नाही, पण तुझ्या जागी ज्याला विचारतात तोच नाही म्हणतोय. ताई, माझं डोकंच फिरलं. संशय गेला लंबूवर. लंबू गोदामातच कामाला, माझ्याच खोलीत राहतो आणि झोपेतही नाही नाही म्हणतो. मी त्याच्याशी बोलणं सोडलं, त्याचा साबण वापरणंही सोडलं (तेव्हा कुठे त्याला कळलं, की बोलणं सोडलंय). आणि इकडे मलाच वरचेवर निरोप, एक सहकारी रजेवर जात आहे, त्याचं काम घ्याल का? नाव नाही, कारण डोकवायचं नाही ना! म्हटलं, माझ्या रजेत लोक काड्या घालणार आणि मी परक्याची ओझी वाहू? दर वेळी नाही दाबलं, आणि चांगलं दात-ओठ खाऊन दाबलं.

शेवटी मुकादमांनी आतली नोंद उघडून घेतली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "हा बघ तुझा दुश्मन. तोंड ओळखीचं वाटतंय का?"

शीतखोलीचं काम कोणाला येतं, असं यंत्राने शोधलं होतं. ते येतं एकट्या मला. मग माझी बदली मीच, आणि मीच मला नाही म्हणत होतो. मुकादम हसता हसता खुर्चीवरून घसरले. मी होय दाबलं, तशी रजा मंजूर झाली आणि खाली हुकूम आला, की रजेच्या काळात बदली कामगार म्हणून वेळेवर हजर राहावे. चष्मेवाले म्हणाले, नकाशा नियमाबरहुकूम आहे. एक चौकोन हलवायचा तर सगळ्या चौकोनांच्या साहेबांची बैठक लागते. बैठक कधी? तुझं लग्न उरकल्यावर.

म्हणून, मी लग्नाला जायला राजी आहे एवढं कुठे कळवता येतं, ते शोधत बसलो. रजेच्या खालीच बटण होतं, राजीनामा. राजी असल्याचा नामा, आणखी काय असणार? दाबलं. त्याला ना बदली लागते ना बैठक. सगळे बाण सरळ. पापणी लवायच्या आत मंजूर. तेव्हा पाहुण्यांच्या आधी मी हजर आहे.

तुझा अडाणी भाऊ

ता. क. होणाऱ्या भावोजींच्या रंगाच्या दुकानात माणूस लागतो का, विचार. पण लग्नानंतर विचार. आधी विचारलंस तर त्यांना वाटेल, या घरात बायकोवर मेहुणा फुकट देतात.

पुन्हा ता. क. हे आईला वाचून दाखवू नकोस. राजीनामा म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक आहे. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत त्या बटणाशी घुटमळत होतो. पण तू घरातून निघताना मी इथे थंड खोके रचत असेन, हे काही मनाला पटेना. आईला वरचंच वाच. मुद्दाम केलं म्हटलं तर ती वर्षभर बोलेल. कळलं नाही म्हटलं तर जेवायला वाढेल.