गायिका : अज्ञात

११ नोव्हेंबर १९९६

अज्ञात! म्हणे अज्ञात!

वाशीच्या कॅसेटच्या दुकानात आज लिओ बाप्तिस्ताच्या जॅझ बँडचा संच मिळाला. दोन कॅसेटी, १९३६ ते १९६२, म्हाताऱ्याची अख्खी कारकीर्द. घरी येऊन लावला. दुसऱ्या कॅसेटचं चौथं गाणं — आणि ताई गायला लागली. माझी सख्खी बहीण! शेवटच्या ओळीआधी तोच मोठा श्वास. त्या श्वासापायी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेसने तिच्या हातावर कितीदा पट्टी मारली होती.

सोबतच्या पत्रकात ड्रम बडवणाऱ्याच्या गावाचंसुद्धा नाव आहे. ताईच्या गाण्यापुढे काय? 'गायिका शेरी लोबो. खरे नाव अज्ञात.'

ताईला जाऊन सतरा वर्षं झाली. आज पुन्हा गेली.

१२ नोव्हेंबर

कंपनीला पत्र टाकलं. 'तुमची शेरी लोबो म्हणजे गिरगावची सरोजिनी. चूक सुधारा.' सही : 'तिची धाकटी बहीण', खाली पत्ता आणि फोन. चौतीस वर्षं ऑफिसात साहेबांची पत्रं टाइप केली. कडक कसं लिहायचं ते मला कोणी शिकवू नये.

२६ नोव्हेंबर

पत्राचं उत्तर नाही, माणूसच आला. शहाजी नाव. पन्नाशीचा, टकला. न्हावा शेव्याला कस्टम एजंटाकडे नोकरी, उरलेला जन्म जुन्या रेकॉर्डींत. गाणी यानेच जमवलीत. चहा बशीत ओतून प्यायला.

"मॅडम, शेरीसाठी तिघांचे फोन आलेत. एक बोलतो, माझी आत्या, पोर्तुगालला गेली. कोणाचं छापू?"

"खरं असेल ते छापा!"

"मग कागद द्या ना. फोटो, पत्र, कायपण. दुसरी आवृत्ती दहा डिसेंबरला छापायला जाते. नंतर माझ्या हातात नाय."

कागद! ताईचं सगळं बाबांनी बंबात घातलं.

२७ नोव्हेंबर

झोप नाही.

शॉर्टहँडच्या क्लासला जाते सांगून ताई हॉटेलात गायची. आमच्या घरातलं नाव बोर्डावर लागणं शक्य नव्हतं, म्हणून लोबो. तीन वर्षं घरात पत्ता नाही. फक्त मला आणि तिच्या एका मैत्रिणीला ठाऊक. एकदाही नेलं नाही मला. किती विनवलं!

मग बाबांना कळलं. दीड महिन्यात सोलापूरच्या बिजवराशी लग्न. त्यानंतर ताई कधी साधी गुणगुणलीसुद्धा नाही. तिच्या मनाने घेतलं, त्या मैत्रिणीनेच चुगली केली — जयमालाने. जयमाला लग्नाला साडी घेऊन आली, ती ताईने दारातूनच परत केली. मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही.

३ डिसेंबर

शहाजीचा फोन. "मिळालं काय, मॅडम?" म्हटलं, नाही.

खोटं बोलले. कागद आहे. बाबांच्या माघारी त्यांच्या ट्रंकेत सापडला. हॉटेलच्या कार्यक्रमाचं कार्ड, त्यावर फोटो, खाली शेरी लोबो. पण अर्धा चेहरा मायक्रोफोनमागे. कोणाचीही आत्या वाटेल.

खरा पुरावा पाठीवर आहे. बाबा हेडक्लार्क. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदाच्या पाठीवर लिहायचे — कशाचा, कोणी आणला, तारीख. माझ्या प्रगतिपुस्तकावरसुद्धा! 'आणणार : स्वतः.'

कार्ड ट्रंकेत परत ठेवलं.

६ डिसेंबर

गाणं चार वेळा लावलं. वरून रावसाहेब उतरले. "बाई, किती वेळा तेच तेच!" म्हटलं, तुमची स्कूटर रोज सकाळी वीस किका खाते, तेव्हा मी येते का?

दार लावून रडले. तो श्वास. दर वेळी वाटतं, आता गाणं थांबवून ती मला काही विचारणार.

८ डिसेंबर

जयमालाही गेली चार वर्षांपूर्वी. आता कोणाची लाज धरायची?

शहाजीला फोन केला. उद्या या.

९ डिसेंबर

कार्ड दिलं. त्याने उलटं करून मोठ्याने वाचलं —

'शेरी लोबो म्हणजे आमची सरोजिनी. आणणार : प्रेमला. ४ मार्च १९५१.'

"काम झालं, मॅडम! नाव छापतो!" खुशीत उठला. दारात चप्पल घालता घालता थांबला.

"ही प्रेमला कोण हो?"

"मी."