पाच नंबरची पट्टी

४ मार्च, मंगळवार
पाच नंबरची पट्टी मेणात कलंडली होती. काप घेतानाच दिसलं. तरी काचेवर चढवली, रंगवली, पुढे पाठवली. गप्प बसले.

एका पेशंटच्या जठरातली गाठ, दुर्बिणीतून काढलेली. कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा. अस्तराखाली पाचशे मायक्रॉनच्या आत असेल तर तेवढ्यावर भागतं. पुढे गेली असेल तर जठर कापायचं. म्हणून गाठीची कापलेली प्रत्येक पट्टी मेणात कडेवर उभी हवी. कलली की काप तिरका जातो, आणि खोली आहे त्याहून जास्त दिसते.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी खोली मोजली — ५६०.

५ मार्च
ऑपरेशन पुढच्या बुधवारी. दोन तृतीयांश जठर जाणार.

गेल्या महिन्यात हीच चूक अक्कांकडून झाली होती. लॅबमध्ये वीस वर्षं काढलेल्या अक्का! मी सगळ्यांदेखत म्हणाले होते, "डोळे तपासून घ्या." आता कोणत्या तोंडाने बोलू?

६ मार्च
पेशंट स्वतः खिडकीवर आले, बायकोला घेऊन. काचा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायच्यात. सुतार आहेत. कानामागे पेन्सिल तशीच.

"पोरी, पाचशे साठ मायक्रॉन म्हणजे केवढं गं?"

"अर्ध्या मिलिमीटरला थोडं वर."

"हात्तिच्या! एवढं तर माझी करवतच खाते. तुमची सरळ होती ना? तिरकं कापलं की पाऊण इंची फळी इंचाची दिसते, बरं का!"

स्वतःच हसले. बायको हसली नाही.

मी म्हणाले, "इथे सही करा."

७ मार्च
मॅडमना सांगितलं.

"मंगळवारीच माहीत होतं?"

"हो."

"आज शुक्रवार आहे." एवढंच म्हणून त्यांनी अक्कांना हाक मारली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मेण वितळवून पट्टी उभी केली अक्कांनी. मला हात लावू दिला नाही. मान वर न करता म्हणाल्या, "काम करणाराच चुकतो गं. पण मला तू हे म्हणू दिलं नव्हतंस."

८ मार्च
नव्या कापात खोली ४७०. आत! म्हणजे कल साधारण तेहतीस अंशांचा होता. (हिशेब कशाला केला? सवय.)

मॅडम म्हणाल्या, "सगळे काप बघेपर्यंत कुणाला कळवायचं नाही." तरी मी पेशंटचा फोन नंबर काढून ठेवला. मीच सांगणार, चुकीसकट.

१० मार्च
एका लसिकावाहिनीत गाठीच्या पेशी सापडल्या. तिरक्या कापात ती वाहिनी आलीच नव्हती. तिथे पेशी शिरल्या की पुढे पसरू शकतात; मग खोली कितीही असो, ऑपरेशन करावंच लागतं. बुधवार कायम.

मॅडमनी वाचून दाखवलं, आणि माझ्या मनात पहिला शब्द आला — सुटले.