दोन माणसांपासून पुढे

३ नोव्हेंबर, सुट्टी

गिफू शहराच्या बसचं वेळापत्रक मी छत्तीस वर्षं केलं. एकही बस वेळेआधी सुटली नाही. उशिरा सुटल्या असतील, तो ड्रायव्हरांचा दोष. आज हे लिहायचं कारण असं की त्याच हाताने केलेल्या वेळापत्रकाचा आज घरात अपमान झाला.

वसंतात दोघांनी क्यूशू बेटावर जायचं, सहा दिवस, असा माझा बेत. महिनाभर खपलो. चहा कुठे प्यायचा आणि तो किती मिनिटांत संपवायचा, इथपर्यंत सगळं लिहिलं. कागद बायकोसमोर, फुसाएसमोर ठेवला. तिने चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, मी नाही येत. अगं, का? तर म्हणे, अहो, तुमच्याबरोबर फिरणं म्हणजे सुटलेल्या बसमागे धावणं. तुम्ही पुढे, मी मागे. एवढ्या सहली झाल्या, मला त्यातली फक्त तुमची पाठ आठवते.

माझी पाठ सरळ आहे. या वयात किती जणांची असते?

बरीच वादावादी झाली. शेवटी तिने अट घातली. तुमचं वेळापत्रक घेऊन तुम्ही एकटे एक दिवस क्योटोला जाऊन या. संध्याकाळी येऊन मला सांगा, मनापासून मजा आली का. आली असेल तर मी क्यूशूला येते, वर तोंडातून एक शब्द काढणार नाही.

म्हणजे क्यूशू खिशात. उगाच भांडलो.

९ नोव्हेंबर

बूट आणले. घोट्याच्या वरपर्यंत येणारे, लांब लेसचे. दुकानदार म्हणाला, साहेब, या बुटांत आल्प्स चढाल.

फुसाए बुटांकडे बघून म्हणाली, अहो, देवळं बघायला जाताय की डोंगर चढायला? दर दारात बूट काढावे लागतील, आपले ते सरकवायचे घाला. मी म्हटलं, बाईमाणसाला पायाच्या आधाराचं महत्त्व कळायचं नाही. ती म्हणाली, बरं. तिचं हे "बरं" मला कधीच आवडलेलं नाही.

आणखी एक. यापुढे माझे कपडे मीच काढणार, मोजेसुद्धा. कपाटाला कोणी हात लावायचा नाही.

१७ नोव्हेंबर

बॅग तयार. वेळापत्रकाच्या तीन प्रती, तीन खिशांत. चार देवळं आणि मध्ये दुपारचं जेवण, युदोफू. क्योटोला जाऊन मातीच्या भांड्यातला गरम टोफू खाल्ला नाही तर काय खाल्लं? जागा ठरलेली: नानझेनजी देवळाच्या बाजूला, गल्लीतलं "मात्सुकावा". फुसाएच्या तोंडूनच हे नाव ऐकलं होतं कधीतरी.

भांडी घासता घासता तिने विचारलं, मात्सुकावाला फोन केलात का? मी म्हटलं, लग्नाचं वऱ्हाड नेतोय का? एका माणसाला कुठेही जागा होते. ती वळली, काहीतरी बोलणार होती, मग परत भांडी घासायला लागली. पटलं असावं.

१८ नोव्हेंबर, गाडीत

माइबाराला गाडी बदलावी लागते, आणि तिथे अख्खी गाडी पळत सुटते, कारण पुढच्या गाडीत जागा कमी. मी याचा अभ्यास केला होता. जिन्यासमोर उघडणारं दार निवडलं होतं. दार उघडलं, मी सगळ्यांच्या पुढे, आणि डाव्या बुटाची लेस उजव्या बुटाखाली. पडलो नाही. खांबाला मिठी मारली. सगळी गाडी माझ्या बाजूने निघून गेली. काठी घेतलेल्या एका आजीबाई जाता जाता म्हणाल्या, सावकाश हं.

क्योटोपर्यंत उभा. आजीबाई बसल्या होत्या. संत्रं सोलत होत्या.

तीच तारीख, पहिल्या देवळाच्या पायरीवर

मोज्याला भोक. उजवा अंगठा अख्खा बाहेर. माझ्या कपाटात भोकाचे मोजे आलेच कसे? इतकी वर्षं कधी आले नाहीत.

अंगठा आत दुमडून चालता येतं. फार वेळ येत नाही.

तीच, दुसऱ्या देवळाबाहेर

या बुटांनी वैताग आणलाय. प्रत्येक दारात बसायचं, सोडायचं, वर जायचं, खाली यायचं, परत बसायचं, ओवायचं, आवळायचं. मागे रांग. शाळेच्या सहलीच्या मुली होत्या, त्यातली एक दुसरीला म्हणाली, आजोबांना कोणीतरी मदत करा गं. मी म्हटलं, काही गरज नाही. जरा जोरात म्हटलं गेलं. त्यांच्या बाई येऊन माझीच माफी मागून गेल्या, आणि मागून लोक असे बघत होते जसं काही मीच त्यांना रडवलं.

वेळापत्रक थोडं घसरलं आहे. बाग पळत बघितली. वाळूवर रेघा होत्या.

तीच, तिसरं देऊळ, एइकान्दोच्या बाकावर

इथले बुद्ध सरळ समोर बघत नाहीत. मान वळवून खांद्यावरून मागे बघतात. माहिती सांगणारा म्हातारा स्वयंसेवक म्हणाला, चालता चालता मागे राहिलेल्याची वाट बघताहेत. माझ्याजवळ उभ्या असलेल्या बाईने नवऱ्याला कोपर मारलं, म्हणाली, बघा, शिका काहीतरी. तो बिचारा हसला.

मला विचाराल तर पुढच्याने मागे बघत बसू नये. अख्खा मार्ग कोलमडतो. मी स्वयंसेवकाला तसं सांगितलं. तो म्हणाला, हो का, असेल असेल.

याच देवळात लोकांची शिस्त मात्र वाखाणण्यासारखी. स्वच्छतागृहातून मूर्तीच्या दालनाकडे निघालो तर लोक आपोआप बाजूला होत होते. एका आईने मुलाला हाताला धरून मागे ओढलं. माझ्या चालण्यात एक रुबाब आहे, पूर्वी डेपोतही असंच व्हायचं. मी थेट मूर्तीसमोर गेलो, हात जोडले. तेवढ्यात एक तरुण भिक्षू आला, खूप वाकून नमस्कार केला आणि माझ्या पायांकडे बघत अगदी हळू म्हणाला, काका, या चपला संडासातल्या आहेत.

होत्या. हिरव्या प्लास्टिकच्या. वर लिहिलेलंसुद्धा होतं.

बुद्धाच्या समोर! जन्मात मी असं केलं नाही. कोणी केलं तर त्याच्यावर हसणाऱ्यांत मी पहिला. चपला हातात घेऊन परत गेलो, अंगठा बाहेर. एकटा असल्यामुळे झालं. बरोबर कोणी असतं तर मागून ओरडलं असतं.

तीच, दुपार

पोटात कावळे ओरडत होते. चौथं देऊळ रद्द केलं आणि सरळ मात्सुकावा गाठलं. दारात निळा पडदा, आतून लाकडाच्या धुराचा वास, खिडकीत एक जोडपं, मध्ये मातीचं भांडं, भांड्यातून वाफ. तोंडाला पाणी सुटलं. मी पडदा बाजूला केला आणि एक बोट वर केलं.

किमोनोतल्या मालकीणबाई गुडघ्यांवर बसून गोड हसल्या. म्हणाल्या, दादा, युदोफू आमच्याकडे दोन माणसांपासून पुढे. मी म्हटलं, मग दोन माणसांचा द्या, मी दोघांचे पैसे देतो. त्या म्हणाल्या, पैशांचं काय हो! पण लाल पानं बघायचे दिवस, गर्दी बघताय ना, टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणूस लागतं. मी म्हटलं, माझी बॅग समोर ठेवतो. त्या आणखी गोड हसल्या. मग मी त्यांना सविस्तर समजावलं की टेबलं भिंतीला कशी लावली तर एकट्या माणसांच्या चार जागा निघतात. कागद काढून आकृतीही दाखवली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. शेवटी म्हणाल्या, काय सुंदर घड्याळ आहे हो तुमचं!

बायको कधी म्हणाली नाही. मी घड्याळ काढून त्यांच्या हातात दिलं. कुठल्या साली कोणत्या कामगिरीबद्दल मिळालं, तेही सांगितलं. तरी जागा दिली नाही. बाई मोठी सभ्य, नियम मात्र मूर्खपणाचा.

पुढची दोन हॉटेलं: एकात दोन माणसांपासून पुढे, दुसऱ्यात आधी फोन केलेल्यांनाच. या देशात एकट्या माणसाने जगायचं की नाही?

तीच, जरा वेळाने

हार मानणं माझ्या स्वभावात नाही. दुसरं माणूस हवं ना? मिळवू. कालव्याजवळच्या बाकावर एक साठीच्या बाई एकट्याच बसल्या होत्या. मी टोपी काढली आणि नम्रपणे विचारलं, माझ्याबरोबर दोन माणसं व्हाल का? त्या लाल झाल्या. म्हणाल्या, अहो, माझे यजमान जाऊन तीनच वर्षं झालीत. मी म्हटलं, तसं नाही, फक्त तासाभरापुरतं. त्या उठल्या आणि जवळजवळ पळत गेल्या.

मग एक तरुण दिसला. त्याला विचारायच्या आत त्याची मैत्रीण आली. त्या दोघांनी मात्सुकावाकडे वळताना हातात हात घेतला. दोन माणसं. बरोबर. घाला जेवायला त्यांना.

खरं सांगायचं तर तेव्हा मला रडू येईल असं वाटलं. उपाशी असलं की होतं.

तीच, स्टेशनवर

कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताचे दोन गोळे घेतले. एकात आंबट आलुबुखार, दुसऱ्यात पण आंबट आलुबुखार. उभ्याने खाल्ले. फुसाएला लाल पानांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "अत्युत्तम." तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं. अंगठा बघून डोकं उठलं.

घरी जाऊन काय सांगायचं हे ठरलेलं आहे. मजा आली. क्यूशूसाठी एवढं करावं लागतं.

तीच, रात्री

सांगितलं. चारही देवळं निवांत बघितली. एकटेपणात एक वेगळीच शांतता. युदोफू तर तोंडात टाकताच विरघळला. मालकीणबाईंनी घड्याळाचं कौतुक केलं.

फुसाए चहा ओतत होती, ती थांबली. म्हणाली, घड्याळाचं? मी म्हटलं, हो. ती म्हणाली, अहो, क्योटोची माणसं घड्याळ छान आहे म्हणाली की उठायचं असतं. मग माझ्या अंगठ्याकडे बघून विचारलं, मात्सुकावामध्ये एकट्याला द्यायला लागले का आता? मी म्हटलं, मला दिलं. माणूस बघून देतात.

मग तिने जे सांगितलं ते ती अजिबात न चिडता सांगत होती, हेच मला जड गेलं. म्हणाली, पूर्वी आपण दोघं त्या दारात उभे होतो. मी म्हटलं, आत जाऊ या. तुम्ही म्हणालात, वेळ नाही, आणि पुढे चालू लागलात. आपण बसमध्ये पाव खाल्ला. नंतर मावशीच्या वर्षश्राद्धाला मी एकटी क्योटोला गेले, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून तिथे गेले. एकटीला नाही म्हणाले. घरी येऊन त्याच संध्याकाळी मातीचं भांडं काढलं, टोफू केला, तुमच्यासमोर ठेवला. तुम्ही बातम्या बघत म्हणालात, आज मासा नाही का?

मला यातलं काही आठवत नाही. मासा नव्हता एवढं अंधुक आठवतं.

विषय बदलायला मी म्हटलं, ते असो, पैज तू हरलीस. मला मजा आली. वसंतात क्यूशू. ती म्हणाली, हो ना, एकट्याने एवढी मजा येते तर मग मी कशाला मध्ये? तुम्ही एकटेच जा.

 आता खोटं बोललो म्हणू, की मजा आली म्हणू?

२० नोव्हेंबर

उपाय सापडला. आम्ही दोघं क्योटोला जाऊ. फक्त युदोफू. नवीन वेळापत्रक केलं, त्यात जेवणाला पूर्ण एक तास. एक तास! माझ्या इतिहासात एवढी सूट कोणाला दिलेली नाही. बिनलेसचे बूट घालणार, ही कल्पना माझीच.

उद्या सांगतो. योग्य वेळ बघून.

२१ नोव्हेंबर

योग्य वेळ मिळाली नाही. ती पलंगावर मोजे पसरून बसली होती, भोकाचे वेगळे काढत होती. मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं.

२३ नोव्हेंबर

सांगितलं. कागद दिला. तिने वाचला, आणि या वेळी चष्मा लगेच काढला नाही. मला वाटलं, जमलं. ती म्हणाली, छान केलंय हो, एक तास ठेवलाय. पण मंगळवारी मी आणि शेजारच्या हिबिनोबाई जातोय मात्सुकावाला. मी फोन करून ठेवलाय. दोन माणसं.

मी म्हटलं, मी आलो तर तीन होतील. दोनपासून पुढे म्हणजे तीनही चालतात. तिने कागदाची घडी घालून तो मला परत दिला. म्हणाली, या खेपेला नको.

२५ नोव्हेंबर

सकाळी दोघी गेल्या. दारापासून वळणापर्यंत हसत होत्या, काय एवढं हसायचं कोण जाणे. मी विचारलं होतं, गाडी कितीची, परत कितीला? फुसाए म्हणाली, बघू, मिळेल ती.

दुपारी ठरवलं, माझं मी करून खाईन. फ्रिजमध्ये तिने टोफू ठेवला होता. मातीचं भांडं दोघांचं, त्यात एकट्याचा टोफू एका कोपऱ्यात जाऊन बसतो. पाणी फार उकळलं, टोफू फुटला. सॉसची बाटली सापडेना. मी ओरडलो, अगं, सॉस कुठाय? मग आठवलं.

तसाच खाल्ला. काही चव नाही. लोक उगाच डोक्यावर घेतात.

आता दिवस मावळला आहे. दारातला दिवा लावून ठेवला. ती किती वाजता येणार, मला माहीत नाही. या घरात कोणी किती वाजता येणार हे मला माहीत नाही, असं पहिल्यांदाच झालं आहे. माझ्या जागेवर बसलं की दाराकडे पाठ होते, त्यामुळे सारखी मान वळवून मागे बघावं लागतंय. मान पार आखडली. वयाचा दोष.