दह्याला हात लावायचा नाही

रविवार, ६ जुलै २००३

सृष्टीला सांगलीचं इंजिनिअरिंग मिळालं. पेढे वाटले. मी दोन खाल्ले. गोड लागले नाहीत.

संध्याकाळी संतोषचा बंगलोरहून फोन. लेक आणि सूनबाई दोघं तिकडे कॉम्प्युटरच्या कंपनीत. नात सृष्टी बारावीसाठी माझ्याकडे ठेवलेली. फोनवरूनच फर्मान निघालं — "बाबा, तिथं होस्टेल फुल्ल आहे. तिला खोली घेऊन हातानं करून खावं लागेल. आणि तुम्हाला बिबवेवाडीत एकट्यानं. महिनाभर दोघं शिका. दोघांना जमलं तरच सांगली. नाहीतर तिला पुण्यातलंच कॉलेज."

परीक्षक कोण, तर शेजारच्या यमुनाबाई. शाळेतून रिटायर झाल्या, पण शाळा त्यांच्यातून रिटायर झाली नाही. ही वहीही त्यांनीच दिली. "वैजनाथराव, काळजी इथे लिहीत जा. जिन्यात मला गाठून सांगू नका."

मी नापास झालो तर पोरगी इथंच राहते. पण यमुनाबाईंच्या हातून नापास? सहावीत एकदा झालो तेवढं पुरे. त्यापेक्षा तिलाच नापास करावं.

मंगळवार, ८ जुलै

पहिला धडा कुकरचा. मी लायटर खिशात घालून बसलो. सृष्टी पाच मिनिटं शोधत होती. मग काडेपेटी आणली. लायटर माझ्या खिशात खट्‌ वाजला.

"आबा, तुमचा गुडघा वाजला का?"

"वय झालं पोरी."

शुक्रवार, ११ जुलै

कपडे धुण्याचा धडा. माझं पांढरं धोतर तिच्या लाल ओढणीबरोबर मशीनमध्ये गेलं. यात माझा काही हात नाही. आता धोतर गुलाबी. मार्केट यार्डात जुन्या गाळ्यावर चहाला जातो, तिथं आता आठवडाभर जाता येणार नाही.

यमुनाबाईंनी जिन्यात पाहिलं. "शोभतं तुम्हाला," म्हणाल्या, आणि वर निघून गेल्या.

रविवार, १३ जुलै

बाईंनी खरी परीक्षा कशाची ते आज सांगितलं. दही! दोघांनी रोज वेगवेगळं दही लावायचं. ज्याचं लागेल तो पास.

सृष्टी हसली. "दही काय, विकत मिळतं काकू."

बाई म्हणाल्या, "भाजी कशीही झाली तरी गिळता येते. दह्याचं तसं नाही. दूध आठवणीनं तापवायचं, कोमट होईपर्यंत थांबायचं, विरजण बेतानं घालायचं. आणि मग हात लावायचा नाही. हे शेवटचं ज्याला जमलं, त्याला घर जमलं."

माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी काय केलंय?

तिची स्टीलची वाटी, माझा म्हणजे बायकोचा, गोदाचा, चिनी मातीचा सट. गोदा होती तोवर दही कसं लागतं हा प्रश्न मला पडला नव्हता. ताटात असायचंच. तिचंच विरजण बाईंनी त्यांच्या घरी अजून चालू ठेवलंय, तेच आणलं. दोन्ही भांडी ओट्यावर, जुन्या टॉवेलात गुंडाळून.

मंगळवार, १५ जुलै

पहाटे उठलो. तिची वाटी नुसती हलवली. जरा जोरात.

सकाळी तिच्या वाटीत पाणी आणि गुठळ्या. मी फार हळहळलो. मग फिरून आलो, माझा सट उघडला — त्यातही तेच! मी तर माझ्या सटाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं.

गुरुवार, १७ जुलै

पुन्हा तिची हलवली. तिचं बिघडलं, ते ठीक. माझं का बिघडतं?

शनिवार, १९ जुलै

माझं दही लागत नाही. दूध बदललं, टॉवेल बदलला. अंगात ताप भरल्यासारखं वाटतं.

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "स्वभाव उतरतो दह्यात."

सोमवार, २१ जुलै

आज पोळ्या लाटताना सृष्टी म्हणाली, "आबा, आपल्या घरात उंदीर आहे का?"

"का गं?"

"माझी वाटी रोज सकाळी सरकलेली असते."

"मोठा असेल."

"हो. गुलाबी धोतर नेसतो वाटतं."

मी पेपर उचलला. उलटा धरला होता, हे नंतर कळलं.

गुरुवार, २४ जुलै

दुपारी तिची मैत्रीण कादंबरी आली होती. दोघी आतल्या खोलीत. दार उघडंच होतं, मी मुद्दाम ऐकलं नाही. कादंबरी म्हणाली, "तिथली लॅब बघितलीस? पुण्यात या ब्रांचला तू स्वप्नात पण जाणार नाहीस." सृष्टी काही बोलली नाही. पोरगी बोलली नाही की तिला फार हवं असतं. लहानपणी जत्रेत पाळण्याकडे अशीच बघत उभी राहायची, मागायची नाही.



शुक्रवार, २५ जुलै

पहाटे उठलो. ओट्यापाशी गेलो. हात मागे बांधून उभा राहिलो आणि परत आलो.

तिचं दही लागलं. वाटी उपडी केली तरी हलेना. तिच्याहून मलाच आनंद झाला, तिनं नुसतं "हं" केलं. दमली असेल. हल्ली लवकर उठते. मी फिरायला निघालो की स्वयंपाकघरात तिची खुडबूड सुरू असते. चांगली सवय लागली.

माझं पुन्हा पाणी.

मंगळवार, २९ जुलै

आता माझ्यामुळे अडलं! काय काय केलं नाही? सट ऊन पाण्यानं धुतला. गव्हाच्या पिठाच्या डब्यात ठेवला. गोदाच्या फोटोपुढे हात जोडले. ती फोटोतही हसते.

सृष्टी पाठीवर हात फिरवत म्हणाली, "जाऊ द्या ना आबा. नाही लागत तर नाही. राहते मी इथंच. त्यात काय."

तीन आठवड्यांपूर्वी हे ऐकायला मी काहीही दिलं असतं. आज ऐकवलं नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

उद्या बाई तपासायला येणार. आज चालत कोपऱ्यावरच्या डेअरीत गेलो. कप विकत आणला. गोदाच्या फोटोमागे लपवला. चोरी करताना हात थरथरला नाही, एरवी चहाचा कप धरवत नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

फिरून आलो. सटात पुन्हा पाणी. सृष्टी अंघोळीला गेल्यावर ते ओतलं, सट पुसला, कपातलं दही चमच्यानं सबंध उचलून त्यात बसवलं, वरून सपाट केलं. मग बाई आल्या. तिचं चाखलं, "पास." माझं चाखलं. पुन्हा चाखलं.

सृष्टीनंही बोट लावलं. तिचा चेहरा पडला. "हे तुम्ही लावलं?"

"मग कोणी?"

"पण आबा, हे कसं — "

"कसं म्हणजे? लागलं. का लागू नये?"

ती तोंड उघडून बसली आणि मग मिटून घेतलं. खोटं पकडलं तर म्हणायचं ना! मला वाटलं, माझी लाज राखली पोरीनं.

बाई म्हणाल्या, "पास." दारातून वळल्या. "वैजनाथराव, कचऱ्याची बादली झाकत जा. कपावर नाव असतं."

शनिवार, ९ ऑगस्ट

स्वारगेटहून सांगलीची गाडी. घरातून निघताना तिच्याच वाटीतलं दही तिच्या हातावर घातलं. तिनं चाटलं, डोळे पुसले, म्हणाली, "आंबट आहे." आंबट नव्हतं.

विरजण डब्यात घालून दिलं. थोडं माझ्यासाठी ठेवलं.

गाडी हलल्यावर खिडकीतून ओरडली, "आबा, सट टॉवेलात ठेवा. आणि आता तो लागेल बघा!"

असं का म्हणाली कोण जाणे.

सोमवार, ११ ऑगस्ट

फिरून आलो. टॉवेल काढला. सुरीनं कापावं असं दही. दूध तेच, सट तोच, हात माझाच. घरात फक्त सृष्टी नव्हती.

म्हणजे मी फिरायला गेलो की ती रोज —

संध्याकाळी तिचा फोन येईल. विचारणार आहे — सृष्टे, आपल्या घरात उंदीर होते तरी किती?